अठरा टक्के राखाडी

कॅमेऱ्यातला मीटर म्हणजे एक भाबडा कारकून.
समोर काहीही ठेवा,
तो नोंद करतो : अठरा टक्के राखाडी.
पांढरा शालू राखाडी, काळी छत्री राखाडी.
बाकीचं आपण ठरवायचं.

मी वीस वर्षं ठरवत आलो.
सीताबर्डीत, दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत
नवऱ्या मुलींचे चेहरे एका पट्टीवर
उजवीकडे सरकवत.
कुणाला सांगावं लागायचं नाही,
मलाच कळायचं बायोडाटाला किती, अल्बमला किती.
आधी नाकाच्या शेंड्यावरचा उजेड जायचा,
मग हनुवटीखालची सावली,
मग हनुवटी.

आता इतवारीचे शेठ म्हणतात, गोरं नको.
तिकडे रॅम्पवर काय चाललंय बघा,
टक्कल केलेली, जाड, म्हातारी, कोड असलेली.
यंदा सावळं चालू आहे.
मोबाईल माझ्या नाकापुढे धरतात
आणि त्यांच्या पाठीमागे काचेत
गुलाबी प्लास्टिकच्या सात बाया,
एकीचं नाक फुटलेलं,
सातही एकाच साच्याच्या लेकी.

तर मे महिना. पाचपावली. माग बंद पडलेली एक गल्ली.
सकाळी सहाला शूट, कारण आठनंतर
ऊन कुणाचंच ऐकत नाही.
उत्पला रामटेके, पाच फूट अकरा, व्हॉलीबॉलवाली,
दोन्ही गुडघे मैदानाने खरवडलेले.
रोशन कोडापे, गळ्यापासून कानापर्यंत कोड,
शेठनी खास सांगून शोधलेला,
उपरणं कसं घ्यायचं ते विचारत होता सारखा.
आणि हिराबाई धकाते, वय एकसष्ट,
ज्यांनी हा काठ जन्मभर विणला
आणि अंगाला लावला आज.

त्यांना म्हटलं, चाला.
त्या चालल्या ते मागावर बसल्यासारख्याच :
उजवा पाय दाबून, थांबून, मग डावा,
जणू रस्त्याखाली पावड्या आहेत
आणि प्रत्येक पावलाला कुठेतरी धोटा पलीकडे जातो आहे.

उत्पला स्क्रीनवर वाकली.
"काहून दादा, मले गोरं करून राह्यले का?"
नाही गं, मीटर चुकतो.
"मीटर चुकते, का तुमी?"
हिराबाई हसल्या, समोरचे दोन दात नसलेलं हसू.
मग केसांतल्या पिना काढता काढता, सहज,
"यंदा सावळं आहे म्हनता.
पुढच्या साली मी कुठी जाऊ?"

रिफ्लेक्टर धरणाऱ्या पोट्ट्याचा हात भरून आला होता.
उजेड भिंतीवरून घसरून नालीत पडला.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून
एक स्टॉप कमी केला.
तेव्हा काळ्यातून काळे वेगळे झाले :
कोपराचा, पापणीचा,
मानेच्या घडीतला जांभळाच्या सालीसारखा एक,
ज्याला माझ्या पट्टीवर आकडाच नव्हता.

होर्डिंग लागलं. मेट्रोतून जाताना
फक्त तिचा खांदा दिसतो, लशीच्या वणासकट.
वण पुसा म्हणाले होते. मी विसरलो असं सांगितलं.
शेठ खूश आहेत.
पुढच्या हंगामाचं काही बोलले नाहीत.

त्या रात्री जुनी हार्डडिस्क लावली.
मूळ फाईल असते न सगळ्यांची,
आडनावाप्रमाणे, तारखेप्रमाणे.
पट्टी डावीकडे ओढली,
एकेक हनुवटी परत येत गेली.
पहाटेपर्यंत चाळीसेक जणी.

करुणाचं लग्न, दोन हजार नऊ.
फोल्डरमध्ये नुसत्याच उजळलेल्या.
घरचं काम, पैसे थोडेच मिळणार होते,
म्हणून जागा वाचवली होती मी.
हळद लागलेली एक गुलाबी बाई हसते आहे,
डोळे आमच्या घरचे.
बाकी, त्या दिवशी सासरी कोण गेलं
ते बहिणीलाच विचारावं लागेल.

फोन हातात आहे. कूलरमधलं पाणी संपलंय,
पंखा कोरडाच फिरतो आहे.